भारनियमनात लुटलेलं गाव

नंदुरबारमध्ये २००८-०९च्या सुमारास आमच्या टोळक्याचं आयुष्य दोन वेळापत्रकांवर चालायचं. एक भारनियमनाचं आणि दुसरं ट्रॅव्हियनमधल्या शत्रूच्या सैन्याचं. पहिलं सायबर कॅफेच्या दारावर चिकटवलेलं असायचं, दुसरं स्क्रीनवर सेकंदासकट दिसायचं. दोन्ही वेळा जुळल्या की आमच्यापैकी कुणाचं तरी गाव लुटलं जायचं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटवर पोचताच तो ओरडायचा, "मन्हं गाव लुटाई गयं रे भो!" शेजारून जाणाऱ्या एखाद्या काकूंना वाटायचं, पोराच्या घरी दरोडा पडला.

ट्रॅव्हियन हा २००४ साली जर्मनीत सुरू झालेला गेम. डाउनलोडची भानगड नाही, साध्या ब्राउझरमध्ये चालायचा. त्यामुळे स्टेशन रोडवरच्या कॅफेतले जुनाट कॉम्प्युटर आणि रांगत चालणारं नेट त्याला पुरायचं. रोमन, गॉल, ट्यूटन यांतली एक जमात निवडायची. एक गाव मिळायचं. लाकूड, माती, लोखंड आणि धान्य साठवत ते वाढवायचं. नवख्याला पहिले काही दिवस संरक्षण असे. ते संपलं की नकाशावरचा कुणीही चालून येई. तुम्ही पेपर लिहीत असा, लग्नाच्या पंगतीत असा, झोपलेले असा, तिकडचं घड्याळ चालूच. तुम्ही खुर्चीतून उठलात म्हणून ते जग थांबत नसे.

आमच्या अलायन्समध्ये, म्हणजे गेममधल्या टोळीत, एक शहाद्याचा होता, एक नवापूरचा, एक सुरतला डिप्लोमाला गेलेला. फोनवर बोलणं परवडत नव्हतं, म्हणून मिस्ड कॉलची भाषा ठरलेली. एक रिंग म्हणजे सैन्य पाठव, दोन रिंगा म्हणजे धान्य पाठव. गेममध्ये आपलं खातं दुसऱ्याला सांभाळायला देता येई. अशा माणसाला सिटर म्हणत. सुरतला लाइट सहसा जात नसे, म्हणून तिकडचा दोस्त आमचा कायमचा सिटर. त्याच्या सेमिस्टरच्या परीक्षा आल्या की इकडे अर्ध्या खान्देशावर संकट.

त्या खेळाची खरी खुमारी धान्याच्या हिशेबात होती. सैन्य वाढवलं की ते खायला मागतं. गावात पिकतं त्याहून जास्त खाणारं सैन्य झालं आणि कोठार रिकामं पडलं, की सैनिक उपाशी मरायला लागतात. म्हणून मोठं सैन्य बाळगणारा गडी इतरांच्या धान्यावर जगायचा आणि त्या बदल्यात त्यांचं रक्षण करायचा. त्याचा पराक्रम त्याचा एकट्याचा नसे. हाटदरवाज्याजवळ राहणाऱ्या एका मित्राने आठवडाभर धान्य पाठवलं नाही, म्हणून नवापूरवाल्याचं सैन्य मेलं. दोघे कित्येक दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, आणि भांडण खरंखुरं होतं. कुणी बारावीच्या अभ्यासासाठी खेळ सोडला तर त्याचं गाव ओसाड व्हायचं, लुटारूंचं कुरण बनायचं आणि खातं पुसलं गेलं की नकाशावर तिथे पुन्हा रिकामी जमीन दिसायची. माणूस आला तरी जग बदलायचं आणि गेला तरी बदलायचं.

जग असं बदलत राहण्याची किंमतही होती. ट्रॅव्हियनचा प्रत्येक सर्व्हर एक दिवस संपे. शेवटच्या टप्प्यात मोठमोठे अलायन्स जागतिक आश्चर्य बांधायला घेत. ज्याचं बांधकाम आधी शंभराव्या पातळीला पोचेल तो जिंकला, आणि खेळ खलास. जिंकणारा, हरणारा, लुटणारा, लुटला गेलेला, सगळ्यांची गावं पुसली जायची. नवा डाव सुरू झाला की पुन्हा एकेक गाव आणि तीच माती-लाकडं. जवळजवळ वर्षभर वाढवलेल्या साम्राज्यातलं काही बरोबर यायचं नाही. बरोबर यायचे ते फक्त आम्ही: कोण शब्दाचा पक्का, कोण ऐनवेळी फोन उचलत नाही, हे ज्ञान.

त्याच कॅफेत, त्याच वयात आम्ही रूनस्केपही खेळायचो. २००१ सालचा हा ब्रिटिश गेमही ब्राउझरमध्येच चालायचा. त्यात लम्ब्रिज नावाच्या किल्ल्यात एक स्वयंपाकी आहे. ड्यूकच्या वाढदिवसाचा केक करायचाय आणि अंडं, दूध, पीठ नाही म्हणून तो रडकुंडीला आलेला असतो. आपण वणवण करून तिन्ही जिन्नस आणून द्यायचे. तो आपले उपकार मानतो. वळून बघावं तर मागे तिघे-चौघे हातात अंडी घेऊन उभे, आणि स्वयंपाकी त्यांनाही तेच रडगाणं सांगतोय. आमच्यातल्या एकाने वैतागून विचारलं होतं, "ह्या ड्यूकचा बड्डे संपतच नाही का रे?" नाहीच संपत. अजूनही चालू आहे.

मात्र त्याच किल्ल्याबाहेरचं झाड कुणी तोडलं, तर ते सगळ्यांसाठी तुटायचं. थोडा वेळ फक्त बुंधा दिसायचा, मग झाड पुन्हा उगवायचं. खाणीतला दगड ज्याने आधी फोडला, खनिज त्याचं. दुसऱ्याने हात चोळत बसायचं. म्हणजे जंगल सामाईक होतं आणि गोष्ट मात्र ज्याची त्याची. एकाच गेममध्ये दोन कायदे लागू होते. तेव्हा आम्हाला तो निव्वळ विनोद वाटे. पुढे कळलं, की हजारो माणसांना एका जगात खेळवणाऱ्या प्रत्येकाची झोप याच पेचाने उडवली आहे. खेळणाऱ्याची प्रगती जपायची, की त्याच्या हातून जग बदलू द्यायचं? एकाने राक्षस मारला आणि तो खरोखर मेला, तर दुसऱ्याने काय मारायचं?

हा पेच इंटरनेटच्या कॅफेंहून कितीतरी जुना. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी मड नावाचा गेम रचला. चित्रं नाहीत, सगळं शब्दांत. अनेक जण एकाच वेळी एका जगात फिरायचे, खजिना शोधायचे आणि दलदलीत टाकून गुण मिळवायचे. दलदलीत गेलेला खजिना परत येत नसे. साहजिकच थोड्या वेळाने जगात काही उरायचंच नाही. मग जग पुसून पहिल्यासारखं केलं जाई. गुण मात्र खेळणाऱ्याच्या नावावर शिल्लक राहत.

१९९७ साली आलेल्या अल्टिमा ऑनलाइनच्या कर्त्यांनी याहून मोठं धाडस केलं. त्यांनी जंगलाचं चक्र रचलं. गवत खाणारे प्राणी, त्यांना खाणारे लांडगे, भक्ष्य संपलं की वस्तीकडे येणारी हिंस्र जनावरं. खेळणाऱ्याने हरणं संपवली तर त्याचा परिणाम गावाला भोगावा लागेल, अशी सुंदर कल्पना. गेम खुला झाला आणि खेळणाऱ्यांनी दिसेल ते कापून काढलं. जनावरं जन्मायच्या वेगापेक्षा मरण्याचा वेग मोठा ठरला. शेवटी ते चक्रच काढून टाकावं लागलं. त्यानंतर १९९९चा एव्हरक्वेस्ट आला. तिथे मोठा राक्षस मेला की काही काळाने त्याच जागी पुन्हा उभा राहायचा, आणि त्याला मारण्यासाठी लोक तासन् तास नंबर लावून बसायचे. कुणाचा नंबर कधी, याच्या याद्या खेळणाऱ्यांनी आपसांत केल्या होत्या.

यातून धडा घेऊन पुढच्या गेमकर्त्यांनी जगाच्या प्रती काढायला सुरुवात केली. पाच जणांची टोळी गुहेत शिरली की तिच्यासाठी वेगळी गुहा, पुढच्या टोळीसाठी तशीच दुसरी. रांग संपली. २००४ साली आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने ही पद्धत घरोघरी नेली, आणि २००८मध्ये तो तिच्याही पुढे गेला. एखादी मोहीम पूर्ण केली की तेवढ्यापुरता नकाशा तुमच्यासाठी बदलायचा. तुम्हाला जळालेलं रणांगण दिसे, आणि ज्या मित्राने ती मोहीम केलेली नाही त्याला तिथेच उभं असलेलं ताजं सैन्य. तुमच्या पराक्रमाने जग बदलल्याचं समाधान मिळालं खरं. पण दोघे एका जागी उभे असून एकमेकांना दिसेनासे झाले.

याच गेमने त्याआधी, जानेवारी २००६मध्ये, उलट टोकाचा प्रयोग केला होता. अनकिराज नावाच्या नगरीचे दरवाजे बंद होते. ते उघडण्यासाठी प्रत्येक सर्व्हरवरच्या सगळ्यांनी मिळून मलमपट्ट्या, शिजवलेलं मांस, धातूच्या लगडी असा युद्धाचा साठा जमवायचा. तो भरला, की ज्याने एक लांबलचक मोहीम पार पाडली आहे त्याने घंटेवर घाव घालायचा, आणि दरवाजे सर्वांसाठी उघडायचे. एका माणसाचं नाव आणि सगळ्यांची मेहनत, दोन्ही त्या घावात होती. पण दरवाजे एका सर्व्हरवर एकदाच उघडतात. पुढच्या महिन्यात आलेल्याला काय? त्याला फक्त उघडे दरवाजे आणि इतरांच्या बढाया.

नंदुरबारसारख्या गावात ही प्रतींची युक्ती पोचली ती शेतीच्या रूपाने. फार्मव्हिल २००९ साली फेसबुकवर आला आणि कॅफेत कधी न दिसणाऱ्या मुलीही वांगी-टोमॅटो लावायला येऊन बसू लागल्या. तिथे शेजारी होते, पण ते तुमच्या रानात येऊन खत घालण्यासारखी फक्त मदत करू शकत. नुकसान करायची सोयच नव्हती. तापीकाठच्या ज्या पोरांनी बांधावरून पिढ्यान् पिढ्यांची भांडणं पाहिली होती, त्यांना या शेतीचं भारी नवल वाटायचं. इथे शेजाऱ्याचं पाणी तुमच्या रानात शिरत नाही, त्याचा बैल तुमच्या मिरचीत घुसत नाही आणि बांध कोरला म्हणून तलाठ्याकडे जावं लागत नाही. कारण सामाईक बांधच नव्हता. प्रत्येकाचं रान वेगळ्या पेटीत. फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला तेव्हा अशी लाखो रानं एकदम गेली, पण कुणाच्या जाण्याने दुसऱ्याच्या रानाला धक्का लागला नाही.

तोवर आमचे कॅफेही बदलले होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. पुढच्या काही वर्षांत कॅफेवाल्यांनी गेमिंगच्या खुर्च्या काढून तिथे प्रिंटर ठेवले. आधारची प्रत, शिष्यवृत्तीचा फॉर्म, सातबारा. आमचा कॅफेवाला भाऊ म्हणायचा, "तुम्ही तासाला पंधरा रुपये देता आणि भांडता. फॉर्मवाला दहा मिनिटांत वीस देतो आणि थँक्यू म्हणतो." त्याचं काही चुकलं नाही. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि खेळ खिशात गेला.

माझा भाचा त्या खिशातल्या पिढीचा. २०१८ साली पबजी मोबाइल आला तेव्हा तो सातवीत होता. आता तो त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय खेळतो, कधी फ्री फायर मॅक्स. शंभर जण विमानातून एरांगेलच्या बेटावर उड्या घेतात, घरं धुंडाळतात, गाड्या फोडतात, एकमेकांना टिपतात. अर्ध्या तासात एक जण किंवा एक टोळी उरते. पुढच्या डावात दारं पुन्हा बंद, काचा पुन्हा शाबूत, गाड्या पुन्हा जागेवर. बेटाला मागच्या डावातलं काहीही आठवत नाही.

आठवतं ते खात्याला. किती डाव, किती मारले, किती जिंकले, ब्राँझपासून कॉन्कररपर्यंत कुठली पायरी, कुठल्या सीझनचा कुठला पोशाख, सगळं दशांशासकट. सीझन बदलला की पायरी थोडी खाली ढकलली जाते, म्हणजे चढणं संपू नये. आमच्या वेळी जग सगळं लक्षात ठेवायचं आणि शेवटी माणसाचा हिशेब कोरा करायचं. आता माणसाचा हिशेब अक्षय आणि जग दर अर्ध्या तासाला कोरं.

हा हिशेब किती नाजूक असतो तेही या पिढीने पाहिलं. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, ऑक्टोबरच्या ३० तारखेला भारतातले सर्व्हर थांबले. २ जुलै २०२१ला बीजीएमआय आला आणि जुनं खातं तिकडे नेण्याची मुदत दिली गेली. जुलै २०२२मध्ये तोही स्टोअरवरून उतरला, मे २०२३मध्ये परतला. मधल्या काळात भाच्याला बेटाची चिंता नव्हती. बेट तर तसंच मिळणार होतं. त्याचा जीव अडकला होता आयडीत. "मामा, आयडी वाचली ना तर सगळं वाचलं," तो म्हणायचा. आम्ही असं कधी म्हटलं नसतं. आमचं सगळं आयडीत नव्हतंच, ते शेजारच्या गावाशी झालेल्या तहात होतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की जुनं ते सोनं. मला तसं म्हणवत नाही. ट्रॅव्हियनमध्ये कोण पुढे जायचं? ज्याला कॅफेचे पैसे परवडत, ज्याच्या घरी इन्व्हर्टर होता, ज्याचा दोस्त सुरतला होता. आमच्या वर्गात धडगावकडून आलेला, हॉस्टेलवर राहणारा एक मुलगा होता. नकाशा वाचण्यात आमच्या सगळ्यांचा बाप. सुट्टीत तो सातपुड्यातल्या पाड्यावर गेला की महिना-महिना लॉगिन नाही. परत यायचा तेव्हा गाव धुऊन नेलेलं. दोनदा असं झाल्यावर त्याने खेळणंच सोडलं. जग सतत चालू राहतं या गोष्टीचा आम्हाला केवढा अभिमान, पण सतत हजर राहणं ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी ते जग पहिल्या दिवसापासूनच हरलेलं होतं. आज तोच मुलगा साध्या फोनवर, रेंज असेल तेव्हा अर्धा तास बसला, तर बाकीच्या नव्याण्णवांच्या बरोबरीने रिकाम्या हातांनी उतरेल. कोऱ्या बेटाचा हा न्याय मला मान्य करावाच लागतो.

आणि जुनं जग परत मिळालं तरी त्यातलं आपलं काही परत मिळत नाही. रूनस्केपच्या जुन्या खेळाडूंनी आरडाओरडा केला, तेव्हा कंपनीला ऑगस्ट २००७चा एक बॅकअप सापडला. मतदान झालं, आणि फेब्रुवारी २०१३मध्ये तेच जुनं जग ओल्ड स्कूल या नावाने उघडलं. तोच किल्ला, तोच रडका स्वयंपाकी. फक्त सगळ्यांनी पहिल्या पातळीपासून सुरुवात करायची होती. मीही एका रात्री जाऊन अंडं, दूध, पीठ देऊन आलो. स्वयंपाकी ओळखीचा निघाला, पण ज्यांना हसायला हाक मारायची ते मागच्या रांगेत नव्हते.

मग सामाईक जगात ठसा उमटवण्याची हौस या पोरांना उरलीच नाही का? तसं वाटत होतं, ते गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या गल्लीत जाईपर्यंत. ओट्यावर पाच-सहा जण डोकी फोनमध्ये घालून बसले होते आणि माइनक्राफ्टमध्ये एक गाव उभं होतं. ते कुठल्या दूरच्या सर्व्हरवर नव्हतं. भाच्याच्या फोनमध्ये होतं, आणि बाकीचे त्याच्या हॉटस्पॉटवरून त्यात शिरले होते. भाचा जेवायला उठला की जग बंद. म्हणून त्याची आजी ताट वाढून हाका मारते तेव्हा सगळा ओटा तिच्यावर वैतागतो.

त्या गावात एकाने पूल बांधला होता, एकाने रेल्वे स्टेशन. नवापूरच्या स्टेशनावर अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत येतो, त्याची नक्कल करून मध्ये रंगीत ठोकळ्यांची रेघ ओढलेली. पलीकडच्या गल्लीतल्या एकाने सुरुंग लावून तो पूल उडवला होता. पूल उडालेलाच होता. दुसरी प्रत नाही, आपोआप उगवणं नाही. त्यावर खटला चालला, आणि निकाल असा लागला: तोडलं त्यानेच बांधायचं, आणि बांधून होईपर्यंत सुरुंगाला हात लावायचा नाही. आरोपीने दोन संध्याकाळी ठोकळे रचले. आता तो पूल आधीच्यापेक्षा रुंद आहे आणि त्याचं श्रेय कुणाचं, यावर नवा वाद आहे.

अल्टिमा ऑनलाइनच्या कर्त्यांना जे साधलं नाही ते या ओट्याला साधलं, याचं कारण हुशारी नसून आकडा आहे. हजारो अनोळखी लोक एका जंगलात सोडले, की जंगल वाचवायला यंत्राला मध्ये पडावं लागतं. मग ते झाडं परत उगवून आणतं, गुहेच्या प्रती काढतं, डाव अर्ध्या तासात गुंडाळतं, आणि प्रत्येकाच्या हातात त्याच्या वैयक्तिक प्रगतीचं प्रमाणपत्र ठेवतं. हजारोंना एका जगात सुखाने नांदवायचं तर याहून चांगला तोडगा अजून फारसा कुणाला सापडलेला नाही. पण सहा जण एकमेकांना नावानं, घरानं आणि आजीच्या हाकेनं ओळखत असतील, तर जगाची स्मृती सांभाळायला यंत्र लागत नाही. आमची ट्रॅव्हियनची मजाही नकाशावरच्या हजारो अनोळखी गावांमुळे नव्हतीच. ती मिस्ड कॉलच्या टप्प्यात असलेल्या चौघा-पाचांमुळे होती.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, मग तू पण ये ना. नदीपलीकडे जागा आहे." मी घर बांधायला घेतलंय. अट एकच घातली गेली आहे, आणि ती मला पटलेली आहे: पुलाच्या आसपास काहीही करायचं तर आधी सगळ्यांना विचारायचं.